डॉक्टरेटनंतरची उमेदवारी

विद्यापीठाच्या पदवीदान-समारंभांत पीएच्.डी. घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणाकडे घरचीं माणसें मोठ्या कौतुकानें पाहतात. आतां शिक्षण संपलें, मुलगा मार्गाला लागला, असें त्यांना वाटतें. परंतु हा तरुण किंवा ही तरुणी प्राणिविज्ञान, पशुवैद्यक अथवा जीववैद्यक या क्षेत्रांतली असेल, तर खरी परीक्षा त्याच दिवसापासून सुरू होते. ज्याला पुढें स्वतंत्रपणें संशोधन करावयाचें आहे, त्याला बहुतेक सर्व नामवंत संस्था एकच प्रश्न विचारतात: डॉक्टरेटनंतर आपण कोठें व कोणाजवळ काम केलें? या प्रश्नाला उत्तर नसेल, तर पदवीचा कागद कितीहि सुंदर असला तरी प्रयोगशाळेचें दार सहसा उघडत नाहीं.

पीएच्.डी. व कायम जागा यांच्यामधल्या या काळाला इंग्रजींत पोस्ट-डॉक असें सुटसुटीत नांव पडलें आहे. मराठींत त्याला ‘उमेदवारी’ म्हणावें हेंच योग्य. जुन्या काळीं कचेरींत कायम जागा मिळण्यापूर्वीं तरुण मंडळी उमेदवारी करीत. कारागिराच्या दुकानांतहि नवा मुलगा कांहीं वर्षें हाताखालीं राबे. पोस्ट-डॉकची स्थिति अशीच मधली आहे. तो विद्यार्थी नसतो, कारण पदवी त्यानें मिळविलेली असते. आणि तो धनीहि नसतो, कारण जागा, उपकरणें आणि पैसा हीं सारीं दुसऱ्याच्या नांवावर असतात. त्याची नेमणूक एक, दोन किंवा तीन वर्षांची असते. या अवधींत त्यानें नवें तंत्र आत्मसात करावें, स्वतःच्या बुद्धीचा ठसा उमटविणारे कांहीं निबंध प्रसिद्ध करावे आणि मग आपली निराळी प्रयोगशाळा मागण्याचा अधिकार मिळवावा, अशी अपेक्षा असते.

ही प्रथा फार जुनी नाहीं. अमेरिकेंत बाल्टिमोर येथें १८७६ सालीं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ उघडलें, तेव्हां त्यानें आरंभींच वीस फेलोशिप ठेवल्या आणि संशोधन हाच विद्यापीठाचा मुख्य व्यवसाय आहे असें दाखवून दिलें. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ सालीं, रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशानें तेथील नॅशनल रिसर्च कौन्सिलनें पदार्थविज्ञान व रसायन या विषयांसाठीं डॉक्टरेटनंतरच्या शिष्यवृत्त्या सुरू केल्या. पुढें लवकरच वैद्यक व जीवविज्ञान यांचाहि त्यांत समावेश झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी पैशाचा ओघ वैद्यकीय संशोधनाकडे वळला, प्रयोगशाळा मोठ्या झाल्या आणि जी गोष्ट पूर्वीं थोड्या भाग्यवंतांना लाभे, ती आतां सर्वांना चढावीच लागणारी पायरी होऊन बसली.

ही पायरी चढण्याचे मार्ग मुख्यतः दोन आहेत. पहिला मार्ग असा कीं, प्रयोगशाळेच्या प्रमुखाजवळ एखाद्या विषयासाठीं अनुदान आलेलें असतें व त्यांतून तो माणूस नेमतो. अशा जागा ‘नेचर’ व ‘सायन्स’ यांसारख्या नियतकालिकांत, संस्थांच्या जाहिरातींत आणि परिषदांच्या फलकांवर दिसतात. परंतु कित्येक जागा जाहिरात होण्यापूर्वींच एखाद्या चांगल्या पत्रामुळें किंवा ओळखीच्या शब्दामुळें भरून जातात. दुसरा मार्ग म्हणजे उमेदवारानें स्वतःच्या नांवावर शिष्यवृत्ति मिळवावी आणि ती घेऊन आपल्या पसंतीच्या गुरूकडे जावें. पहिल्या मार्गानें काम लवकर मिळतें, पण विषय धन्याचा असतो. दुसऱ्या मार्गाला अर्जापासून निकालापर्यंत बरेच महिने लागतात, परंतु विषयावर उमेदवाराचा हक्क अधिक राहतो. शिवाय स्वतःची शिष्यवृत्ति घेऊन येणारा मनुष्य कोणत्याहि प्रयोगशाळेला जड होत नाहीं. म्हणून शहाणा उमेदवार प्रबंध पुरा होण्याच्या आधीं एक वर्ष तरी या खटपटीला लागतो.

शिष्यवृत्त्यांचे नियम बारकाईनें वाचावयाचे असतात, कारण प्रत्येकीचा स्वभाव निराळा. जर्मनीची हुम्बोल्ट प्रतिष्ठानाची शिष्यवृत्ति कोणत्याहि देशाच्या व कोणत्याहि विषयाच्या संशोधकाला खुली आहे. देशवार किंवा विषयवार वांटणी तींत नसते. १९६४ सालीं स्थापन झालेली एम्बो ही युरोपांतील जीवशास्त्रज्ञांची संघटना देश बदलणाऱ्या तरुणांना साह्य करते. तिच्याशीं जोडलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेचा भारत २०१६ पासून सहयोगी सदस्य आहे. स्ट्रासबुर्ग येथील ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रॅम तर उमेदवारानें देशच नव्हे, विषयहि बदलावा अशी अपेक्षा करतो, पीएच्.डी.चेंच काम पुढें रेटणाऱ्याला तेथें थारा नाहीं. युरोपीय संघाच्या मारी क्युरी शिष्यवृत्तीला ज्या देशांत जावयाचें, तेथें अलीकडे दीर्घकाळ राहिलेला उमेदवार चालत नाहीं. उलट अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थची वैयक्तिक राष्ट्रीय संशोधन-शिष्यवृत्ति तेथील नागरिकांना व कायम रहिवाशांनाच मिळते. तेव्हां भारतीय तरुण तेथें गेला तर तो बहुधा प्रयोगशाळा-प्रमुखाच्या अनुदानावरच राहतो. तेथें जे-१ व्हिसावर जाणाऱ्यांपैकीं कांहींना मुदत संपल्यावर दोन वर्षें मायदेशीं राहण्याची अट असते. ही अट आपल्याला लागू आहे कीं नाहीं हें विमानांत बसण्यापूर्वीं समजून घेतलेलें बरें.

स्वदेशांतहि क्षेत्र अगदीं कोरडें नाहीं. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनची राष्ट्रीय शिष्यवृत्ति, जैवतंत्रज्ञान विभागाची रिसर्च असोशिएटशिप आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची तिच्याच संस्थांत काम करण्यासाठीं असलेली शिष्यवृत्ति, अशा योजना आहेत. महाराष्ट्राला तर या विद्येची जुनी परंपरा आहे. आज उत्तर प्रदेशांत इज्जतनगर येथें असलेल्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचा पाया १८८९ सालीं पुण्यांत इंपीरियल बॅक्टीरिऑलॉजिकल लॅबोरेटरी या नांवानें घातला गेला. चार वर्षांनीं ती हिमालयांत मुक्तेश्वरला गेली. मुंबईचें पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ चें. प्लेगच्या दिवसांत डॉ. हाफकीन यांनीं उभारलेल्या प्रयोगशाळेला १९२५ सालीं त्यांचें नांव मिळालें. पुण्याची विषाणु-संशोधन संस्था १९५२ पासून आहे. तेथेंच विद्यापीठाच्या आवारांत पेशी-विज्ञानाचें राष्ट्रीय केंद्र आहे आणि २००६ सालीं आयसर ही संस्था निघाली. मुंबईंत प्रजनन व बाल-आरोग्य यांवर आणि रक्ताच्या विकारांवर संशोधन करणाऱ्या वैद्यकीय परिषदेच्या संस्था आहेत. खारघरला टाटा स्मारकाचें कर्करोग-संशोधन केंद्र आहे. नागपूरचें पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ पशुपालनाच्या विषयांना वाहिलेलें आहे. परदेश म्हणजेच विद्या, असें मानण्याचें कारण नाहीं. परंतु ज्या संस्थेंत पीएच्.डी. झाली तेथेंच पुन्हां उमेदवारी करण्यानें दृष्टि आंखडते, हें मात्र खरें.

जागा शोधतांना पहिला विचार संस्थेच्या नांवाचा नसावा, प्रश्नाचा असावा. पुढलीं दहा वर्षें कोणता प्रश्न उराशीं बाळगावयाचा आहे, आणि त्यासाठीं कोणतें तंत्र हातीं नाहीं, हें ज्याला सांगतां येतें त्याला गुरु शोधणें सोपें जातें. मग त्या प्रश्नावर गेल्या चार-पांच वर्षांत कोणीं काय लिहिलें तें वाचावें. निबंधांचे लेखक पाहावे. ज्या प्रमुखाच्या निबंधांत पहिलें नांव वेगवेगळ्या तरुणांचें येतें, तेथें तरुणांना वाव आहे असें समजावें. तेथून गेलेले लोक आज कोठें आहेत हेंहि पाहावें. गुरूची कीर्ति त्याच्या पुरस्कारांवरून कळते, परंतु गुरूची योग्यता त्याच्या शिष्यांवरून कळते.

पत्र लिहितांना बहुतेकांची चूक होते ती येथें. एकाच मसुद्याचीं शंभर पत्रें शंभर प्रमुखांना धाडलीं म्हणजे एक तरी लागू पडेल, असा हिशेब केला जातो. प्रत्यक्षांत तीं शंभरहि केराच्या टोपलींत जातात, कारण ‘आपल्या थोर कार्यानें मी भारावून गेलों आहें’ हें वाक्य प्रत्येक प्रमुखानें पुष्कळदां वाचलेलें असतें. चांगलें पत्र एका पानाचें असतें. लिहिणारा कोण, त्यानें आजवर काय सिद्ध केलें, त्या प्रयोगशाळेच्या कोणत्या कामांतून कोणता प्रश्न त्याला सुचला, तो स्वतः बरोबर काय आणतो, आणि केव्हां येऊं शकतो, एवढें त्यांत असावें. सोबत आपल्या कामाची टिपणी आणि ज्यांना विचारतां येईल अशा तीन शिक्षकांचीं नांवें द्यावीं. उत्तर आलें नाहीं, तर दोन-तीन आठवड्यांनीं एकदां विनयपूर्वक स्मरण द्यावें. त्यापलीकडे पाठ धरूं नये.

उत्तर अनुकूल आलें म्हणजे मुलाखत होते. उमेदवार आपल्या प्रबंधावर व्याख्यान देतो आणि प्रश्नांना तोंड देतो. परंतु ही परीक्षा एकतर्फी नसावी. नेमणूक किती वर्षांची, पगार कोठल्या अनुदानांतून, तें अनुदान केव्हां संपतें, निबंधावर नांवांचा क्रम कसा ठरतो, आणि जातांना कामाचा कोणता भाग बरोबर नेतां येईल, हे प्रश्न विचारण्यांत उद्धटपणा नाहीं. भिडेपोटीं जो हे प्रश्न गिळतो, त्याला पुढें ते महागांत पडतात. तसेंच प्रमुख जवळ नसतांना तेथील इतर उमेदवारांशीं बोलावें. आणि शक्य तर सोडून गेलेल्यांना विचारावें. आठवड्याची एक सुटी मिळते कीं नाहीं, प्रयोग फसला तर प्रमुख काय करतो, या साध्या प्रश्नांच्या उत्तरांतून प्रयोगशाळेची खरी हवा कळते.

प्राण्यांवर काम करणाऱ्यांची कांहीं निराळी तयारी लागते. उंदीर, ससा किंवा मेंढी यांना वेदना न देतां हाताळणें, भूल देणें, शस्त्रक्रिया करणें हीं कौशल्यें पुस्तकांत वाचून येत नाहींत. ज्याच्या हातांत तीं आहेत त्याला मागणी असते, म्हणून अर्जांत त्यांचा स्पष्ट उल्लेख हवा. भारतांत १९६० च्या प्राणि-क्लेश-प्रतिबंधक कायद्याखालीं प्रत्येक संस्थेच्या नीति-समितीची संमति घेतल्याशिवाय प्राण्यांवर प्रयोग करतां येत नाहीं. ब्रिटनमध्यें १९८६ च्या कायद्यानें प्रयोग करणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला स्वतःचा परवाना काढावा लागतो. शिवाय प्राण्यांचा काळ माणसाच्या नेमणुकीकडे पाहून चालत नाहीं. उंदराची पिढी कांहीं आठवड्यांत तयार होते, पण गाईचें गाभणपण नऊ महिन्यांचें असतें. दोन वर्षांच्या नेमणुकींत चार वर्षांचा प्रयोग हातीं घेणारा उमेदवार फळ दुसऱ्यासाठीं सोडून जातो.

या मार्गावरून गेलेल्यांचीं उदाहरणें पाहिलीं म्हणजे त्याचें खरें स्वरूप ध्यानांत येतें. इंग्लंडांतील इयान विल्मट यांनीं नॉटिंगहॅमला शेतकीचें शिक्षण घेऊन केंब्रिजमध्यें डुकराचें वीर्य गोठवून राखण्याच्या विषयावर प्रबंध लिहिला व १९७१ सालीं पदवी मिळविली. नंतरच्या उमेदवारींत ते तेथेंच गर्भ गोठविण्याच्या कामाला लागले. १९७३ सालीं गोठविलेल्या गर्भापासून जगांतलें पहिलें वासरूं जन्माला आलें. त्याच वर्षीं त्यांना एडिनबरोजवळच्या पशुपैदास-संशोधन संस्थेंत जागा मिळाली. त्या संस्थेचीच पुढें रोझलिन संस्था झाली, आणि १९९६ च्या जुलैंत तेथें डॉली ही मेंढी जन्मली. गर्भ हाताळण्याचें जें कसब उमेदवारींत हातीं आलें, त्याच वाटेनें पुढचें काम घडलें.

हरगोविंद खुराना यांची वाट इतकी सरळ नव्हती. लिव्हरपूलला १९४८ सालीं पदवी घेतल्यावर ते झूरिचला प्रेलॉग यांच्याकडे गेले आणि जवळजवळ वर्षभर बिनपगारी राहिले. साठविलेले पैसे संपल्यावर १९४९ मध्यें ते स्वदेशीं परतले. येथें त्यांना जागा मिळाली नाहीं. पुन्हां इंग्लंडला जाऊन त्यांनीं केंब्रिजमध्यें केनर व टॉड यांच्याजवळ काम केलें आणि न्यूक्लिइक आम्लांची गोडी त्यांना तेथेंच लागली. १९५२ सालीं कॅनडांत व्हँकूव्हरला त्यांना स्वतःची प्रयोगशाळा मिळाली, आणि १९६८ सालीं नोबेल पारितोषिक. ज्या तरुणाला १९४९ सालीं मायदेशांत एक मेज मिळालें नाहीं, त्याच्या नांवाचा पुढें मायदेशाला अभिमान वाटला, ही गोष्ट नेमणुका करणाऱ्या समित्यांनींहि मनांत ठेवण्यासारखी आहे.

त्याच पारितोषिकाची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. आनुवंशिक संकेताचें पहिलें अक्षर उलगडणारा प्रयोग १९६१ च्या मे महिन्यांत अमेरिकेंतील बेथेस्डा येथें झाला. तो प्रत्यक्ष हातानें करणारा तरुण म्हणजे जर्मनीहून नाटोच्या शिष्यवृत्तीवर आलेला हाइन्रिख माथाय. प्रयोगशाळा मार्शल निरेनबर्ग यांची होती. १९६८ चें नोबेल निरेनबर्ग, खुराना व हॉली या तिघांत वांटलें गेलें. माथाय यांचें नांव त्यांत नव्हतें. निबंधावर मात्र दोघांचींहि नांवें आहेत आणि शास्त्राचा इतिहास लिहिणारे त्यांना विसरलेले नाहींत. उमेदवाराच्या हाताला यश आलें तरी त्याचा मान कोणाला मिळेल हें त्याच्या हातीं नसतें. म्हणूनच आपण काय केलें याची वही नीट ठेवणें आणि आपल्या कामाबद्दल परिषदेंत स्वतः बोलणें याला इतकें महत्त्व आहे.

आणि कातालिन कारिको यांची कथा तर अलीकडचीच आहे. हंगेरींतील एका खाटकाची ही मुलगी सेगेद येथें १९८२ सालीं डॉक्टर झाली. आर.एन्.ए. या रेणूचा औषधासारखा उपयोग होईल, या एका विचारानें तिला पछाडलें होतें. १९८५ सालीं तिच्या कामाचा पैसा बंद झाला. फिलाडेल्फियांतील टेंपल विद्यापीठांत उमेदवारीची जागा मिळाली, तेव्हां घरची मोटार विकून आलेले नऊशें पौंड दोन वर्षांच्या मुलीच्या कापडी अस्वलांत शिवून हें कुटुंब अमेरिकेला निघालें, कारण तेवढे पैसे देशाबाहेर नेण्यास बंदी होती. पुढें एका विद्यापीठांतून दुसऱ्यांत, असें करीत ती १९८९ सालीं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत आली. अनुदानाचे अर्ज नामंजूर होत राहिले. १९९५ सालीं तिला खालच्या पायरीवर उतरविण्यांत आलें. १९९७ सालीं छायाप्रति काढण्याच्या यंत्रापाशीं ड्र्यू वाइसमन यांची गांठ पडली, आणि २००५ सालीं दोघांनीं दाखवून दिलें कीं, आर.एन्.ए.च्या एका घटकांत थोडा फरक केल्यास शरीर त्यावर उसळून येत नाहीं. कोविडच्या सांथींत कोट्यवधि लोकांना मिळालेल्या कांहीं लसी या शोधावर उभ्या राहिल्या. २०२३ सालीं दोघांना नोबेल पारितोषिक मिळालें.

परंतु या कथांवरून एक खोटा धडा घेतला जाण्याची भीति आहे. जो चिकटून राहतो त्याला शेवटीं नोबेल मिळतें, असा या जगाचा नियम नाहीं. चिकटून राहिलेल्यांपैकीं बहुतेकांचीं नांवें कोणालाच ठाऊक नसतात. प्रत्येक प्रयोगशाळा-प्रमुख आपल्या हयातींत अनेक शिष्य तयार करतो, आणि त्याची स्वतःची खुर्ची मात्र एकच असते. एवढ्या साध्या गणितावरून उमेदवारांहून कायम जागा थोड्या कां, हें समजतें. तिशी उलटते, विवाह लांबणीवर पडतो किंवा मुलांच्या शाळा देशोदेशीं बदलतात, आईबापांना साह्य करण्याइतका पैसा हातीं उरत नाहीं. स्त्रियांच्या बाबतींत तर बाळंतपणाचीं व उमेदवारीचीं वर्षें एकच असतात, आणि कित्येक बुद्धिमान मुली याच वळणावर शास्त्राला अंतरतात. हें नुकसान त्यांचें एकटींचें नाहीं; देशाचेंहि आहे.

तेव्हां उमेदवारीला आरंभींच मुदत घालून घ्यावी. पहिलें वर्ष संपतांच कामाचा हिशेब घ्यावा: नवें तंत्र आलें काय, निबंध दृष्टिपथांत आहे काय, प्रमुख आपल्या पुढल्या जागेबद्दल बोलतो काय. या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें नकारार्थी असतील, तर प्रयोगशाळा बदलण्यांत अपयश नाहीं. जेम्स वॉटसन १९५० सालीं कोपनहेगनला रसायन शिकण्याच्या शिष्यवृत्तीवर गेला होता. मन तेथें रमेना म्हणून वर्षभरांत तो केंब्रिजला गेला. शिष्यवृत्तीच्या मंडळाला तें रुचलें नाहीं. पण १९५३ सालीं डी.एन्.ए.ची रचना जगापुढें आली ती या बदलामुळेंच. दुसरी उमेदवारी करावयाची ती नव्या कौशल्यासाठीं करावी. केवळ दुसरें कांहीं सुचत नाहीं म्हणून करूं नये.

आणि या वाटेवरून बाजूला वळणारे रस्तेहि कमी प्रतिष्ठेचे नाहींत. लस बनविणारे कारखाने, औषधांची पारख करणाऱ्या प्रयोगशाळा, रोगनिदान केंद्रें, पशुवैद्यक सेवा, शास्त्रीय नियतकालिकांचें संपादन आणि महाविद्यालयांतील अध्यापन, या सर्व ठिकाणीं प्रयोगाची शिस्त अंगीं बाणलेला माणूस हवा असतो. जिल्ह्याच्या गांवीं बसून जनावरांच्या रोगाचा नमुना अचूक ओळखणारा पशुवैद्य शेतकऱ्याच्या घरचा बैल वांचवितो. त्याच्या विद्येचें मोल कोणत्याहि निबंधाहून कमी नाहीं.

टांकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाहीं, असें म्हणतात. उमेदवारींतहि घाव चुकत नाहींत. पण टांकी कोणाच्या हातांत आहे, हें पाहण्याचा अधिकार दगडाला नसतो. माणसाला तो असतो. डॉक्टर झालेल्या तरुणानें आणि तरुणीनें तो अधिकार वापरावा, प्रश्न स्वतः निवडावा, गुरु पारखून घ्यावा, वर्षें मोजून द्यावीं. आणि घरच्या मंडळींनीं ‘अजून नोकरी कशी नाहीं’ असें विचारण्याऐवजीं ‘काम कोठवर आलें’ असें विचारावें. तेवढ्यानेंहि ही अवघड वाट पुष्कळशी सुसह्य होईल.